पेढ्याचं अभ्यंगस्नान

खांबेटे सर कुत्र्याला ‘अहो’ म्हणायचे. आदराने नव्हे, टोमणा म्हणून.

कुत्रा त्यांच्या मुलाचा, केयूरचा. तपकिरी, देशी, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव पेढा. “हे कुत्र्याचं नाव आहे की पास झाल्याची बातमी?” असं सर पहिल्याच दिवशी म्हणाले आणि त्यानंतर ते नाव त्यांनी तोंडात घेतलं नाही. केयूर बाहेरगावी गेला की पेढा बाणेरहून कोथरूडला सरांकडे राहायला यायचा आणि नेमका सोफ्यासमोर आडवा पडायचा. “अहो, आपण जरा सरकाल का? आम्हीही याच घरात राहतो,” असं म्हणत सर त्याला ओलांडून जायचे. पेढा शेपूट आपटायचा. त्याला टोमणे कळत नसत. कोथरूडमध्ये राहून टोमणे न कळणारा तो बहुधा एकटाच जीव असावा.

या वर्षी केयूरचा दिवाळसण होता. लग्नानंतरची पहिली दिवाळी, त्यामुळे तो आणि अपूर्वा तिच्या माहेरी कोल्हापूरला निघाले होते. जावयाने बरोबर कुत्रा नेणं बरं दिसत नाही, म्हणून पेढा इकडे. निघताना केयूर दारात थांबला.

“बाबा, चार गोष्टी सांगतो, तेवढ्या पाळा. गळ्यातला पट्टा काढायचा नाही, काहीही झालं तरी. त्यावर माझा नंबर आहे. पहाटे आणि संध्याकाळी त्याला आतल्या खोलीत ठेवा. दार बंद, पडदे ओढलेले, पंखा जोरात. फिरायला दुपारी न्या, बाहेर शांत असतं तेव्हा. आणि त्याच्याजवळ घरातल्या कुणाचा तरी वापरलेला कपडा ठेवा, वासाने तो शांत होतो.”

“आणि अंगाई कुणी म्हणायची? मी की तुझ्या आईने?”

केयूर हसला नाही. “फटाक्यांनी तो खरंच वेडापिसा होतो, बाबा.”

“अरे, आठवी ड सांभाळलीय मी जन्मभर. तिच्यापुढे कुत्रं म्हणजे काय!”

हा सगळा दिखावा होता, कारण सरांना पेढा आवडायला लागला होता. सुहासिनीबाई झोपल्या असं वाटलं की ते स्वतःच्या ताटातली पोळी हळूच खाली सोडायचे. सुहासिनीबाई झोपलेल्या नसायच्या, पण बोलायच्या नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना ठाऊक झालं होतं, की नवऱ्याला प्रेम करताना पकडलं की तो ते लगेच बंद करतो.

वसुबारसेच्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. गल्लीचा आणि आजूबाजूच्या वस्तीचा म्हणून मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर दुर्गाबाई परचुरे यांनी रडवेला मजकूर टाकला, की फटाक्यांच्या माळेच्या आवाजाने घाबरून त्यांची कुत्री सुटून गेली आहे, कुणाला दिसली तर कळवा. कुत्री तासाभरात सापडली. पण तोवर सरांनी लिहून टाकलं होतं: ‘ज्यांना जनावराचं भान ठेवता येत नाही त्यांनी कापसाचं आणून ठेवावं. ते पळत नाही आणि फटाक्यांना भीतही नाही.’ त्याच्याखाली टाळ्यांची आणि हसऱ्या तोंडांची रांग लागली. सरांनी ती दोनदा वर-खाली करून पाहिली.

नरक चतुर्दशीच्या पहाटे सर उठले, तेल-उटणं लावून आंघोळ केली, नवा झब्बा घातला. पेढा आतल्या खोलीतून बाहेर येऊन मोरीच्या दारात बसला होता. खोलीचं दार सरांनीच उघडलं होतं, कारण तो आत कुंईकुंई करत होता आणि सरांना ते ऐकवेना. त्यांनी वाटीत उरलेल्या कोमट तेलाकडे पाहिलं. मग कुत्र्याकडे पाहिलं.

“आज आंघोळ केली नाही तर नरकात जातात म्हणे. आपला काय विचार आहे?”

पेढ्याने शेपूट आपटली. सुहासिनीबाई स्वयंपाकघरात फराळाची ताटं भरत होत्या. सरांनी मोरीचं दार लोटून घेतलं, झब्ब्याच्या बाह्या वर सारल्या आणि कुत्र्याला तेल लावायला बसले. मानेपासून शेपटीपर्यंत, पोटाखाली, पंजांना, छान चोळून. केयूर लहान असताना त्याला असंच लावायचे, तेव्हा तो ओरडायचा. हा ओरडत नव्हता, डोळे मिटून उभा होता. पट्टा मध्ये मध्ये येत होता आणि चामडं तेलाने खराब झालं असतं. सरांनी तो काढून नळावर अडकवला. तेलावर उटण्याचा हात फिरवला. मग त्यांना आठवलं, की आपण अजून कारीट फोडलेलं नाही.

पहाटेच्या आंघोळीनंतर दारात डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचं, म्हणजे नरकासुर मेला. सरांच्या घरी हे चुकलेलं नाही. “अहो, आपण इथेच थांबा, तेल जरा मुरू द्या,” असं कुत्र्याला सांगून ते बाहेर आले. मोरीची कडी लावायचं त्यांच्या मनातही आलं नाही. वर्गात थांब म्हटलं की मुलं थांबत असत. त्यांनी घराचं मुख्य दार सताड उघडलं, उंबऱ्याबाहेर ते हिरवं कडू फळ ठेवलं आणि पाय उचलला.

खाली पार्किंगमध्ये सुतळी बाँब फुटला.

सगळ्या जिन्यात तो आवाज घुमला. त्यात मागून काहीतरी सरांच्या पोटऱ्यांवर आदळलं. त्यांनी वाकून दोन्ही हातांनी पेढ्याला धरलं. अगदी घट्ट, पोटाखाली हात घालून धरलं. आणि तो तेलात भिजलेला कुत्रा साबणाच्या वडीसारखा त्यांच्या हातांतून निसटला आणि जिना उतरून गेला. सर अनवाणी खाली धावले. पेपरवाल्यासाठी फाटक उघडंच होतं. रस्त्यावर धूर होता आणि कुत्रा नव्हता.

सुहासिनीबाई दाराशी आल्या तेव्हा सर दोन्ही तळवे पुढे धरून जिन्यात उभे होते. तळव्यांवर तेल आणि तपकिरी केस होते.

“पट्टा कुठाय त्याचा?” त्यांनी विचारलं.

“नळावर.”

त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि शोधायला निघाल्या.

दोघंही डहाणूकर कॉलनीच्या गल्ल्यांमधून फिरले. सुहासिनीबाई सरळ “पेढा! ए पेढ्या!” अशा हाका मारत होत्या. सरांच्या तोंडातून ते नाव निघेना. एकदा त्यांनी दबक्या आवाजात “पेढा” म्हणून पाहिलं, तर समोरून फराळाचं ताट घेऊन चाललेले एक गृहस्थ “तुम्हालाही शुभ दीपावली” म्हणाले. पुढे प्रत्येक कोपऱ्यावर माळा लागत गेल्या. हा आवाज दरवर्षी होत होता. त्यांना तो आज पहिल्यांदा ऐकू आला.

“ग्रुपवर टाका,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “शंभर माणसं बघतील.”

“गावभर डांगोरा कशाला पिटायचा? सापडेल.”

“अहो, तो मुका जीव...”

“सापडेल म्हटलं ना!”

त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. ग्रुपवर त्याही होत्या. कापसाचं कुत्रं त्यांनीही वाचलं होतं. “बरं,” एवढंच म्हणून त्या दुसऱ्या गल्लीत वळल्या. त्या ‘बरं’ने सरांचे कान तापले.

घरी परत येतात तोच केयूरचा व्हिडिओ कॉल आला. मागे सासरची मंडळी, अपूर्वा, रांगोळी, कुणाचं तरी मोठ्याने हसणं. “शुभ दीपावली, बाबा! पेढा कुठाय? दाखवा की.”

“झोपलाय,” सर म्हणाले.

“आत्ता? एवढ्या आवाजात?”

“पडदे ओढलेत. पंखा लावलाय. तू सांगितलंस तसंच.”

“भारी!” केयूरचा चेहरा असा उजळला, की सरांना फोन भिंतीकडे वळवावा लागला. “थँक यू, बाबा. खरं सांगू, मला वाटलं होतं तुम्ही मनावर घेणार नाही.”

फोन बंद झाल्यावर सरांनी मोरीत जाऊन दोनदा हात धुतले. तिळाच्या तेलाचा वास गेला नाही.

नऊच्या सुमारास ग्रुपवर फोटो आला. कांता ओव्हाळ म्हणून कुणी बाई होत्या, बसडेपोच्या मागे राहणाऱ्या, सरांच्या ओळखीच्या नव्हत्या. स्कूटरमागे अंग चोरून बसलेला पेढा. सगळं अंग तेलकट पिवळं, त्याला धूळ चिकटलेली, पुढचा पंजा रक्ताळलेला. खाली लिहिलं होतं: ‘आमच्या जिन्याखाली हे कुत्रं आलं आहे. गळ्यात पट्टा नाही. अंगाला काय फासलं आहे कळत नाही. कुणाचं आहे का? संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही तर प्राण्यांच्या संस्थेला कळवते.’

“सापडला!” सर ओरडले. सुहासिनीबाईंचे डोळे भरून आले. पण ‘माझा आहे’ हे शब्द टाइप करायच्या आत खाली उत्तरं यायला लागली. रंग लावून सोडलंय, किती विकृत माणसं असतात. अशांना फटके दिले पाहिजेत. सुशिक्षित वस्तीत हे चालतं म्हणजे कमाल आहे. आणि मग दुर्गाबाई परचुरे:

‘खांबेटे सर, परवाचं तुमचं बोलणं मला फार लागलं होतं. रात्रभर रडले. पण आज हा फोटो बघून वाटतंय, तुमचं बरोबर होतं. ज्यांना भान ठेवता येत नाही त्यांनी पाळूच नये.’

त्याखाली टाळ्या, आणि ‘सर म्हणजे सर’.

सरांचा अंगठा पडद्यावर थांबला. आता सांगता आलं असतं. उलट आताच सांगायला हवं होतं, यापेक्षा सोपी वेळ पुढे येणार नव्हती. त्यांनी दुर्गाबाईंच्या मजकुराखाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. आपल्याकडे कौतुक स्वीकारताना टाकतात ते.

मग गॅलरीत जाऊन, दार ओढून, त्यांनी ओव्हाळबाईंचा नंबर लावला. “नमस्कार. तो कुत्रा... माझ्या एका मित्राचा आहे. तो गावाला गेलाय. मी न्यायला येतो.”

“या,” पलीकडून बाई म्हणाल्या.

कांताबाई ओव्हाळ सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि घरातही त्या वॉर्डात उभ्या असल्यासारख्या उभ्या राहत. हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर, बुद्धाची मूर्ती, आणि टेबलाखाली, अगदी भिंतीला चिकटून, पेढा. त्याच्या पंजाला स्वच्छ पट्टी बांधलेली होती. बाहेर माळ तडतडली की तो सबंध थरथरायचा आणि डोकं भिंतीत घुसवायला बघायचा.

“तुमच्या मित्राचं नाव काय?” बाईंनी विचारलं.

“रंगनाथ,” सर म्हणाले. रंगनाथ त्यांचा भाऊ होता आणि त्याला मांजरसुद्धा आवडत नसे.

“आणि कुत्र्याचं?”

“पेढा.”

“पेढा,” बाईंनी वाकून हाक मारली. “पेढा, ये बाळा.” कुत्रा हलला नाही. “सकाळपासून असाच आहे. पाणी नाही, पोळी नाही. पायात काच घुसली होती, ती काढू दिली, चावला नाही बिचारा. पण बाहेर येत नाही. बघा तुम्ही बोलावून.”

सर खाली बसले. “पेढा,” ते म्हणाले. हाक म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. तो शब्द त्यांच्या तोंडी इतका परका वाटला, की कुत्र्याने मान वळवली नाही. बाई हाताची घडी घालून बघत होत्या. सरांनी घसा खाकरला. आणखी एकदा म्हणून पाहिलं. मग त्यांनी टेबलाखाली हात घातला आणि हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून जवळजवळ कुजबुजत, म्हणाले, “अहो. चला ना घरी.”

पडलेला कान उभा राहिला. पेढा सरपटत, लंगडत बाहेर आला आणि सरांच्या मांडीत डोकं खुपसून राहिला. नव्या झब्ब्याला तेल, धूळ, रक्त सगळं लागलं. बाहेर पुन्हा काहीतरी फुटलं. तो थरथरला आणि आणखी आत घुसला. शेपूट मात्र फरशीवर आपटत होती. सकाळी यानेच मला उघड्या दारात सोडलं, याचा पत्ताही त्या शेपटीला नव्हता. सरांना वाटलं, चावला असता तर बरं झालं असतं.

कांताबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग आत जाऊन मलमाची ट्यूब घेऊन आल्या.

“तुमच्या मित्राला सांगा, हे सकाळ-संध्याकाळ लावायचं. पट्टी ओली होऊ द्यायची नाही.”

“हो.”

“तुमच्या मित्राला सांगा, तेल चांगलं तिळाचं आहे. त्यांनी वाईट मनाने नसेल लावलं. पण पट्टा काढायला नको होता.”

“हो.”

“आणि त्यांना म्हणावं, काळजी नको, जखम खोल नाही. माणसाकडून होतं असं.”

इतकं त्या साध्या सुरात बोलल्या, की सरांना पळून जावंसं वाटलं. त्यांनी आयुष्यभर लोकांना शालजोडीतले मारले होते. ही बाई मारत नव्हती. तिला सगळं कळलं होतं आणि तरी ती त्यांचं खोटं त्यांच्यासाठी सांभाळून धरत होती, पडू नये म्हणून. ते दारापर्यंत गेले. कुत्रा दोन्ही हातांत होता, या वेळी टॉवेलात गुंडाळलेला.

“मित्र नाही,” ते दाराकडे तोंड करूनच म्हणाले. “मुलाचा आहे. माझ्यावर सोपवला होता. मीच लावलं तेल. पट्टाही मीच काढला.”

“ते कळलं मला,” कांताबाई म्हणाल्या. “मित्राच्या कुत्र्याला कुणी अहो म्हणत नाही. आता सांभाळून जा, पुढच्या चौकात माळ लावतायत. डावीकडून जा.”

ते डावीकडून गेले.

घरी आल्यावर सरांनी झब्बासुद्धा न बदलता ग्रुपवर लिहिलं. शब्द सुचायला त्यांना कधी वेळ लागत नसे, आज लागला. ‘फोटोतल्या कुत्र्याचा बेजबाबदार माणूस मी आहे. दुर्गाबाई, परवा मी तुम्हाला जे बोललो ते मला लागू होतं, तुम्हाला नव्हतं. मी तुमची माफी मागतो. सकाळी हात जोडले ते खोटे होते.’ मग एकामागोमाग पणत्यांची आणि लक्ष्मीची चित्रं यायला लागली, आणि त्यांचा मजकूर वर वर सरकत दिसेनासा झाला. दुर्गाबाईंनी एवढंच लिहिलं: ‘सापडला ना, मग झालं.’ चार शिव्या दिल्या असत्या तर सर जेवू शकले असते.

केयूरला सांगणं राहिलं होतं. सुहासिनीबाईंनी स्वतःच नंबर लावला आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. सरांनी सगळं सांगितलं, पट्टा, कारीट, टेबल. ‘झोपलाय’ म्हणालो तेव्हा तो घरात नव्हता, हेही सांगितलं. पलीकडे मंडळींचं हसणं ऐकू येत होतं, मग एक दार बंद झाल्याचा आवाज आला.

“पाय कसाय?” केयूरने विचारलं.

“बरा आहे. काच काढलीय. आता मी... आता बघ, आतल्या खोलीत ठेवलंय त्याला. पडदे, पंखा, सगळं. पुन्हा असं नाही होणार रे.”

हे वाक्य त्यांनी आयुष्यभर टेबलाच्या दुसऱ्या बाजूने ऐकलं होतं. ‘पुन्हा नाही होणार, सर.’ त्याची किंमत त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

“हो, बाबा,” केयूर म्हणाला. फार सभ्यपणे म्हणाला. “पण तुम्हाला त्रास नको. निकिता येईल दुपारी, अपूर्वाची मैत्रीण. वाघोलीला राहते, तिच्याकडे शांत असतं. ती नेईल त्याला.”

“त्रास कसला...”

“नको, बाबा.”

आवाज चढलेला नव्हता. मुलगा आपल्यावर चिडलासुद्धा नाही, हे सरांच्या लक्षात आलं. चिडायला अजून काही अपेक्षा असावी लागते.

निकिता चारच्या आधी आली. फटाक्यांची दुपारची उसंत होती. तिने पट्टा तपासला, मागच्या सीटवर चादर पसरली. पेढा लंगडत सरांच्या पायाशी येऊन उभा राहिला आणि गाडीत चढेना.

“काका, केयूर म्हणाला, एक वापरलेला कपडा द्या सोबत,” ती म्हणाली. “ज्याच्याजवळ तो शांत होतो त्याचा. रात्री तिकडे घाबरला तर उपयोगी पडेल.”

“अगं, तुझी एखादी साडी दे,” सर बायकोला म्हणाले.

सुहासिनीबाई आत गेल्या आणि सरांचा सकाळचा झब्बा घेऊन आल्या. तेलाचा, मातीचा, चुरगळलेला.

“माझा नको,” सर म्हणाले. “अगं, माझा कसा? मीच तर...”

“मग कुणाचा?” त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी झब्बा चादरीवर ठेवला. पेढा तो हुंगत हुंगत गाडीत चढला, त्यावर गोल फिरला आणि त्याच्या बाहीत नाक खुपसून बसला.

निकिताने दार लावलं. सरांना हात करावासा वाटला, पण तो वर उचलला जाईना. गाडी वळून कर्वे रस्त्याकडे दिसेनाशी झाली. मग कोपऱ्यावर कुणीतरी संध्याकाळची पहिली माळ लावली, आणि सरांनी चटकन खाली पायाशी पाहिलं.